अनुशेष, माजी आणि लाभार्थी : झाडीपट्टीतील तलावांच्या परिभाषेचा एक विचार

ग्रामीण भागाच्या उपेक्षेचा प्रश्न हा अर्थशास्त्राचा व राज्यशास्त्राचा प्रांत होय. भाषेच्या अभ्यासकाने त्यात पाऊल टाकण्याचे कारण काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. तिचे उत्तर थोडक्यात असे की, एखाद्या प्रदेशाची उपेक्षा झाली हे आपण ज्या शब्दांनी जाणतो, ते शब्द कोणीतरी, कोणत्यातरी कार्यालयात, विशिष्ट प्रयोजनाने घडविलेले असतात. त्या शब्दांच्या घडणीत जे सामावत नाही ते हिशेबातही येत नाही. उलट, उपेक्षित म्हटल्या गेलेल्या प्रदेशातील लोक आपल्या व्यवहारासाठी जी परिभाषा वापरीत आले, तिच्यात त्या प्रदेशाजवळ मुळात काय होते व ते चालविण्याचा अधिकार कोणाकडे होता, याची नोंद पुष्कळदा शिल्लक असते. प्रस्तुत लेखात या दोन परिभाषा समोरासमोर ठेवून पाहावयाच्या आहेत. उदाहरण घेतले आहे ते पूर्व विदर्भातील झाडीपट्टीचे, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील धानाच्या मुलखाचे.

प्रथम ‘अनुशेष’ हा शब्द घेऊ. इंग्रजीतील ‘बॅकलॉग’ला प्रतिशब्द म्हणून प्रशासकीय मराठीने तो स्वीकारला आणि आज तो नोकरभरतीपासून पाटबंधाऱ्यांपर्यंत सर्वत्र रूढ आहे. प्रादेशिक विषमतेच्या चर्चेत त्याला जे वजन आले त्याची पार्श्वभूमी परिचित असली तरी येथे सांगितली पाहिजे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात विदर्भ व मराठवाडा यांना निधीत व सेवांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचे अभिवचन होते. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ (२) मध्ये स्वतंत्र विकास मंडळांची व निधीच्या समन्यायी वाटपाची तरतूद झाली. पुढे १९८३ मध्ये प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमण्यात आली व १९८४ मध्ये तिने आपला अहवाल दिला. रस्ते, पाटबंधारे, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य इत्यादी क्षेत्रांत राज्याची सरासरी काढावयाची, जो जिल्हा सरासरीच्या खाली असेल त्याची तूट मोजावयाची आणि ती भरून काढण्यास लागणारा पैसा म्हणजे त्या जिल्ह्याचा अनुशेष, अशी समितीची रीत होती. हा आकडा एकंदर सुमारे ३,१८६ कोटी रुपये निघाला. त्यात सर्वांत मोठा भाग पाटबंधाऱ्यांचा होता. वैधानिक विकास मंडळे प्रत्यक्षात आली ती १९९४ मध्ये, म्हणजे घटनेतील तरतुदीनंतर अडतीस वर्षांनी. १९९५ मध्ये नेमलेल्या निर्देशांक व अनुशेष समितीने पुन्हा मोजणी केली तेव्हा आकडा १४ हजार कोटींच्या घरात गेला होता. ३० एप्रिल २०२० रोजी या मंडळांची मुदत संपली.

या हिशेबाच्या न्याय्यतेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या वादात न शिरता शब्दाच्या व्याकरणाकडे पाहू. ‘अनुशेष’ या अर्थक्षेत्रात मराठीत आधीपासून एक बळकट शब्द होता : ‘थकबाकी’. थकबाकीला ऋणको असतो आणि धनको असतो. ती कोणीतरी कोणाचीतरी थकविलेली असते. ती ‘फेडली’ जाते किंवा ‘वसूल’ केली जाते. अनुशेष मात्र कोणी थकवीत नाही. तो ‘राहतो’, ‘वाढतो’ आणि ‘भरून काढला’ जातो. म्हणजे ज्या क्रियापदाने आपण खड्डा किंवा उणीव यांविषयी बोलतो, तेच क्रियापद अनुशेषाला लागते. थकबाकी म्हणताच जो प्रश्न आपोआप उपस्थित होतो, देणे कोणाचे, तो अनुशेष म्हणताच विरून जातो. हा कोणा एका लेखनिकाचा कावा होता असे सुचविण्याचा हेतू नाही. प्रतिशब्द घडविणारे सद्भावनेनेच काम करीत असतात. परंतु विदर्भातील वृत्तपत्रांत व सभांतून हा शब्द गेली चाळीस वर्षे ज्या संतापाने उच्चारला जातो, तो संताप शब्दाच्या अर्थात कोठेही नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. वक्त्याला तो आवाजातून घालावा लागतो.

या मोजणीतील आणखी एक तपशील भाषेच्या अभ्यासकाला मोहात पाडणारा आहे. पाटबंधाऱ्यांची तूट मोजताना निरनिराळ्या पिकांच्या क्षेत्राला एकच माप लावणे आवश्यक होते आणि ते माप ठरले ‘रब्बी ज्वारी समतुल्य हेक्टर’. गणिताच्या सोयीसाठी हे योग्यच होते. तथापि ज्या मुलखात धान हेच पीक, धान हेच चलन आणि ज्याला पुण्याकडे ‘भात’ म्हणतात ते शेतात उभे असेपर्यंत ‘धान’ व ताटात आल्यावरच ‘भात’, असा काटेकोर भेद बोलीत पाळला जातो, त्या मुलखाचे पाणी ज्वारीच्या भाषेत रूपांतरित होऊन मंत्रालयात पोचले. शिवाय हे माप निर्माण केलेल्या क्षमतेचे होते. जे आधीच निर्माण झालेले आहे ते टिकले की मोडले, हे नोंदविण्यास त्यात रकाना नव्हता.

आता झाडीपट्टीत आधीच निर्माण झालेले काय होते, ते पाहू.

या प्रदेशात लहानमोठे सहा-सात हजार तलाव आहेत. पाऊस येथे कमी नाही. पण तो चार महिन्यांत पडून जातो, आणि धान गर्भावर येते नेमक्या त्या वेळी, म्हणजे भाद्रपद-आश्विनात, एक मोठी उघडीप पडली की वर्ष हातचे जाते. तलावाचे पाणी या पंधरा-वीस दिवसांसाठी राखून ठेवलेले असते. बारमाही बागायतीशी त्याची तुलना करणे चुकीचे आहे. तो पिकाचा विमा आहे. तलाव बांधण्याच्या कलेत कोहळी या शेतकरी समाजाची ख्याती होती. रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात तिची नोंद आहे. गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्यास त्याच्या पाण्याखाली येणारी जमीन देण्याची चाल पाडली, अशी परंपरा सांगते. नवेगाव बांध येथील विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी याने बांधला, असेही परंपराच सांगते. या कथांची ऐतिहासिक छाननी इतिहासकारांनी करावी. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, त्यांत तलाव बांधणारा, जमीन कसणारा व हक्क मिळविणारा हा एकच कर्ता आहे.

बांधणीचे तंत्र परिभाषेतूनच उलगडते. एकट्या शेतकऱ्याने आपल्या शेताच्या माथ्यावर धरलेले पाणी ती ‘बोडी’. गावाचा तो ‘तलाव’. आणि डोंगरांच्या सोंडा जोडून अडविलेला मोठा जलाशय तो ‘बांध’. हा भेद आकाराचा वाटतो, परंतु तो मुख्यतः मालकीचा व जबाबदारीचा आहे : बोडी फुटली तर घर धावते, तलाव फुटला तर गाव धावते. मातीच्या भिंतीला ‘पाळ’ म्हणतात. झाडीबोलीत ळकाराचा रकार होत असल्याने ती ‘पार’ अशीही ऐकू येते. जादा पाणी सुरक्षितपणे निघून जावे म्हणून पाळीच्या टोकाला ठेवलेली वाट ती ‘सलंग’, आणि पाणी शेताकडे सोडण्याचे द्वार ते ‘तुडुम’. एका तलावाच्या सलंगावरून निघालेले पाणी खालच्या तलावात जाते आणि त्याचे त्याच्या खालच्या. अशी ही माळ असते. त्यामुळे वरच्या गावाने सलंगाची उंची वीतभर वाढविली तरी खालच्या गावाचा प्रश्न उभा राहतो. उंची हा येथे दोन गावांमधील कराराचा विषय होता. तुडुम केव्हा उघडावयाचे व कोणाच्या बांधीत आधी पाणी जावयाचे, हे पाहणारा गावाने नेमलेला माणूस म्हणजे ‘पाणकर’. त्याचा मोबदला धानात मिळे. पावसाळ्यापूर्वी पाळीवर माती टाकणे हे तलावाखालच्या प्रत्येक शेतकऱ्याचे काम असे.

या व्यवस्थेचे रम्य चित्र रंगविण्याचा मोह टाळला पाहिजे. इंग्रजी अमलात, १८६० नंतरच्या जमाबंदीत, गावच्या पाटलांना व सारा वसूल करणाऱ्यांना मालकी हक्क देण्यात आले आणि ते ‘मालगुजार’ झाले. शब्द फारसी : माल म्हणजे सारा, तो भरणारा तो मालगुजार. तलावांवर त्याची मालकी आली. पाळीवर माती टाकणे हे आता सहकार्य राहिले की वेठ झाली, हे गावोगावच्या मालगुजाराच्या स्वभावावर अवलंबून असे. आणि वेठीच्या आठवणी या मुलखात अजून पुसल्या गेलेल्या नाहीत. भूमिहीनांना व ढिवरांना पाण्यावर जो हक्क होता तो दुय्यम होता. तरीसुद्धा एक गोष्ट टिकून होती. तलावातील पाण्याचा, मासळीचा, गाळपेराचा व गुरांना पाणी पाजण्याचा हक्क कोणाला, कोणत्या अटींवर, हे ‘वाजिब-उल-अर्ज’ या गावच्या रूढींच्या कागदात लिहिलेले होते. ज्या हक्काने गावकरी जंगलातून सरपण आणीत, त्या ‘निस्तारा’च्या हक्काच्या जातीचाच हा हक्क होता. मालगुजार मालक असला तरी तलावाखालच्या शेतकऱ्याचा पाण्यावरील हक्क मोडण्यास तो मोकळा नव्हता.

१९५० च्या मध्यप्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायद्याने मालगुजारी गेली. ३१ मार्च १९५१ पासून तो अमलात आला. जमीनदारी नष्ट झाली हे न्याय्यच झाले. बहुतेक तलाव सरकारजमा झाले. आणि कागदोपत्री त्यांना जे नाव मिळाले ते असे : ‘माजी मालगुजारी तलाव’. लिपिकांनी त्याचे ‘मा. मा. तलाव’ केले, आणि बोलीने पूर्णविराम गाळून ‘मामा तलाव’ केले. आज शासननिर्णयांतसुद्धा ‘मामा तलाव’ हाच शब्द आढळतो. पुण्यामुंबईच्या वाचकाला त्यात आजोळचा जिव्हाळा ऐकू येतो. प्रत्यक्षात ते एका फायलीचे संक्षिप्त रूप आहे. आद्याक्षरांपासून शब्द बनण्याचे हे मराठीतील एक सुंदर उदाहरण म्हणून विद्यार्थ्यांस देता येईल. परंतु अधिक विचार करण्याजोगे आहे ते ‘माजी’ हे विशेषण. तलाव माजी नाही. त्यात पाणी आहे. माजी झाला तो मालक. म्हणजे सत्तर-पंचाहत्तर वर्षे हे जलाशय ज्या नावाने ओळखले जातात ते नाव त्यांचा पूर्वी कोण धनी होता एवढेच सांगते. आता कोण आहे, हे नावात नाही. फार काळ ते व्यवहारातही नव्हते.

व्यवहारात काय झाले? कायद्याने तलाव मालमत्ता म्हणून पाहिले व मालमत्ता हस्तांतरित केली. पाळीवर माती कोणी टाकावयाची, पाणकर कोणी नेमावयाचा, सलंगाची उंची कोणी ठरवावयाची, ही कामे मालमत्तेच्या यादीत नव्हती. ती कोणाकडेच गेली नाहीत. सरकारने पाणीपट्टी मागितली. शेतकऱ्यांचे म्हणणे असे की, आमचा हक्क कागदात लिहिलेला आहे, विकतचे पाणी आम्ही कधी घेतलेले नाही. वसुली होईना म्हणून दुरुस्तीला पैसा मिळेना, आणि दुरुस्ती होईना म्हणून पट्टी देण्यास कोणी तयार होईना. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर शंभर हेक्टरपर्यंतचे तलाव त्यांच्याकडे व त्यांहून मोठे पाटबंधारे खात्याकडे, अशी विभागणी रूढ झाली. त्यामुळे एकाच माळेतील वरचा तलाव एका कार्यालयाचा आणि खालचा दुसऱ्याचा असा प्रकार घडू लागला. तलावांत गाळ साठला, पोटात अतिक्रमणे झाली, काठावर बेशरमाचे रान माजले.

याच काळात शेतकऱ्याला नवे नाव मिळाले : ‘लाभार्थी’. तलावाखालची जमीन ‘लाभक्षेत्र’ झाली. ‘विद्यार्थी’ म्हणजे विद्येची इच्छा करणारा, तसा ‘लाभार्थी’ म्हणजे लाभाची इच्छा करणारा. व्युत्पत्तीने तो याचक ठरतो. पाळीवर माती टाकणारा, पाणकराला धान देणारा व सलंगावरून शेजारच्या गावाशी भांडणारा माणूस या शब्दात मावत नाही. अलीकडच्या योजनांची नावेही या दृष्टीने तपासण्यासारखी आहेत. २०१७ मधील ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ हे नाव यमकाच्या दृष्टीने कितीही यशस्वी असले तरी त्यात क्रियापद नाही, आणि म्हणून कर्ताही नाही.

येथे एक शंका घेतली जाईल. मोठ्या प्रकल्पांत गुंतवणूक झाली असती तर जुन्या तलावांची उणीव भासली नसती, असे म्हणता येणार नाही काय? वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्प हे त्याचे उत्तर आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी त्याचे भूमिपूजन झाले. मूळ अंदाज सुमारे ३७२ कोटींचा होता. २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, अंदाज १८ हजार कोटींच्या वर गेला, आणि २०२० सालीही काम अपुरेच होते. या बत्तीस वर्षांत झाडीपट्टीतील पुष्कळ धान पिकले ते फुटक्यातुटक्या मामा तलावांवरच.

या लोकांनी तग धरला, असे आपण कौतुकाने म्हणतो. हे कौतुक तपासून घेतले पाहिजे. इंग्रजी समाजशास्त्रात ज्या गुणाचा हल्ली फार बोलबाला आहे त्याला मराठीत ‘चिवटपणा’, ‘लवचिकता’, ‘तग धरणे’ असे पर्याय सुचविले जातात. चिवट असते ती दोरी किंवा कातडे. लवचिक असतो तो बांबू. तिन्ही शब्दांत ताण बाहेरून येतो आणि वस्तू तो सोसते. सोसण्याच्या या वर्णनाचा एक दुष्परिणाम असा की, जे सोसू शकतात त्यांच्यावर खर्च करण्याची घाई नाही, असा निष्कर्ष न बोलता निघतो. परंतु टंचाईत टिकून राहिलेल्या व्यवस्थांकडे बारकाईने पाहिले तर त्यांचे मर्म सोसण्यात नसून टंचाईची वाटणी करण्याच्या अधिकारात असल्याचे दिसते. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम व आरम या नद्यांवर तीन-चारशे वर्षे चालत आलेली फड पद्धती याचे स्पष्ट उदाहरण आहे. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडावयाचे, एका फडात त्या वर्षी एकच पीक घ्यावयाचे, पुष्कळशा शेतकऱ्यांची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली असावयाची. पाणी कमी पडले की काही फड कोरडे ठेवावयाचे. म्हणजे तूट एकाच्या माथी न बसता सर्वांत वाटली जाते. पाटकरी व जागल्या यांना शेतकरीच नेमीत व शेतकरीच मोबदला देत. नद्यांच्या वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी वाढल्या आणि ही पद्धती आकसत गेली. पण जेथे पाटकरी नेमण्याचा अधिकार शेतकऱ्यांकडे राहिला तेथे तिचे शब्दही जिवंत राहिले. झाडीपट्टीत ‘सलंग’ व ‘तुडुम’ हे वस्तुवाचक शब्द आजही सर्वांच्या तोंडी आहेत, वृत्तपत्रांतही येतात. मागे सरला तो ‘पाणकर’. वस्तू उरली, अधिकार गेला, आणि शब्दसंग्रहाने तो फरक इमानाने नोंदविला.

अधिकार परत मिळाल्यावर काय घडते, याचीही उदाहरणे याच मुलखात आहेत. गोंदिया जिल्ह्यात ढिवर समाजातील स्त्रियांच्या गटांनी काही तलावांतील बेशरम उपटून काढले, पाणवनस्पती पुन्हा लावल्या आणि स्थानिक मासळीला जागा करून दिली. कोणती वनस्पती कोणत्या मासळीच्या उपयोगाची, हे ज्ञान त्यांच्याजवळ होते. मात्र तलाव मासेमारीसाठी त्यांच्या संस्थेकडे असेल तेथेच ते कामी आले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाची गोष्ट सुपरिचित आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला, आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा आहे. तिच्यातील सर्वनामे पाहावीत. पहिल्या अर्ध्यात ‘आमचे’ हे षष्ठीचे रूप आहे : सरकार ही वस्तू, ती आमची. दुसऱ्या अर्ध्यात ‘आम्हीच’ प्रथमेत येते आणि मालकीचा संबंध तादात्म्याचा होतो. आणखी असे की, मराठीत ऐकणाऱ्याला वगळणारे ‘आम्ही’ व त्याला सामावणारे ‘आपण’ असा भेद आहे. घोषणेत ‘आम्ही’ आहे, ‘आपण’ नाही. शिवाय गावाची घरची भाषा गोंडी असता घोषणा मराठीत आहे. ती बाहेरच्याला उद्देशून आहे, हे व्याकरणच सांगते.

मेंढ्याला जंगलाच्या बाबतीत जे मिळाले ते तलावाखालच्या गावांना पाण्याच्या बाबतीत मिळालेले नाही. २००५ च्या कायद्याने सिंचन पद्धतींचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांकडे सोपविण्याची सोय केली. पण हा ‘वापर’ मोठ्या कालव्यांचा विचार करून कल्पिलेला आहे, आणि ज्याला वापराबरोबर पाळही राखावयाची आहे अशा गावाचे काम त्यावर पुरते भागत नाही. यासाठी नवा शब्द शोधण्याची गरज आहे, असे वाटत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज या दोहोंना स्वतंत्र कलमे आहेत. सामूहिक वनहक्काचे दावे दाखल करताना गावांनी हेच जुने कागद पुरावा म्हणून पुढे केले. तलावांविषयीच्या नोंदी मात्र त्या दृष्टीने अद्याप फारशा वाचल्या गेलेल्या नाहीत. त्यांची भाषा फारसीमिश्रित, अक्षर कित्येकदा मोडी, आणि त्यांतील स्थानिक शब्द आपल्या कोशांत क्वचितच सापडणारे. हे वाचन भाषाविभागांनी करावयाचे काम आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी प्रबंधासाठी विषयाच्या शोधात असेल, तर त्याने एका माळेतील चार-पाच गावे निवडावीत, वरच्या तलावापासून प्रारंभ करावा आणि प्रत्येक गावाच्या कागदात सलंगाची उंची कोणाच्या संमतीने ठरत असे, एवढीच एक गोष्ट आधी शोधून काढावी.